माश्या कामावर गेल्यात

रविवारी सकाळी मामीने आमच्या बैठकीच्या खोलीत पोतं उपडं केलं आणि त्यातून भोपळे पडले. भोपळे म्हणजे माझ्या अंगठ्याएवढे. पिवळे पडलेले, टोकाशी कुजलेले, काहींना अजून वाळकं फूल चिकटलेलं. दोन-चार घरंगळत टीपॉयखाली गेले.

"हा तुमचा अर्धा वाटा," मामी म्हणाली. "उरलेला अर्धा माझ्या घरी आहे. तोही असाच आहे. खात्री करायची असेल तर चला."

ही मामी माझी कोणी नव्हे. सासऱ्यांनी जाताना शहराबाहेरचा जमिनीचा एक लांबट तुकडा माझ्या नावावर करून ठेवला. (सख्ख्या मुलाच्या नावावर का नाही, हे माझ्या मेहुण्याला एकदा भेटलं की कळतं.) तो तुकडा मामी सासऱ्यांच्या वेळेपासून वाट्याने कसते. अख्खं गाव तिला मामी म्हणतं, म्हणून मीही म्हणतो. ती मला जावईबापू म्हणते, कारण तिच्या लेखी जमीन अजून सासऱ्यांचीच आहे. मी विमा कचेरीत हेडक्लार्क आहे, लोकांचे दावे नामंजूर करणारी पत्रं माझ्या हातून जातात, "सहानुभूतीपूर्वक विचार केला, तथापि" हा मसुदा मूळचा माझा आहे. पण गावाच्या दृष्टीने माझा हुद्दा एकच. जावई.

"झालं काय पण?" बायकोने मामीला पाणी देत विचारलं.

"माश्या नाहीत गं पोरी. रस्ता रुंद करताना बांधावरचं झाड पाडलं, त्यावर पोळं होतं. आता फुलं येतात, भरभरून येतात आणि तशीच गळतात. मग मी उजाडताच उठायचं, नराचं फूल तोडायचं आणि एकेका मादीच्या फुलाला लावत हिंडायचं. किती लावू? मी काय माशी आहे?"

विमा कचेरीत असले प्रश्न येत नाहीत.

"हा हंगाम असाच गेला ना," मामी म्हणाली, "तर मी जमीन सोडते आणि लेकीकडे जाऊन राहते. जावयाच्या घरी, कोपऱ्यात. आणि जावई कसे असतात ते मी सांगायला नको." हे तिने माझ्याकडे बघून म्हणायची काही गरज नव्हती.

मग तिने मुद्दा काढला. सरकार मधमाश्यांच्या पेट्या अनुदानावर देतं. ती कृषी कचेरीत जाऊन आली होती. तिथे सांगितलं, जमीन ज्याच्या नावावर असेल त्याने अर्ज करावा, नाहीतर त्याने लिहून द्यावं की ही जमीन या बाई कसतात. मग त्या बाईंना मिळेल.

"तेवढं लिहून द्या जावईबापू. दोन ओळी."

कोपऱ्यात वर्तमानपत्र पसरलं होतं, ते खाली आलं आणि मागून माझा मेहुणा दिसला. तो दर रविवारी आमच्याकडे वर्तमानपत्र वाचायला येतो, कारण त्याच्या मते वर्तमानपत्र विकत घेणं म्हणजे पैसे पाण्यात. त्याने मला डोळ्याने खुणावलं आणि गॅलरीत नेलं.

"दाजी, वेडबिड लागलंय का? लिहून दिलं की गेली जमीन! कसणाऱ्याच्या हातात कागद आला की झालं. उद्या ती मालकीण आणि तुम्ही रस्त्यावर."

मी कुठल्याही परिस्थितीत रस्त्यावर येणार नव्हतो, भाड्याच्या का होईना पण दुसऱ्या मजल्यावर होतो. तरीही ते मला पटलं. लेखी दिलेल्या गोष्टीची ताकद काय असते हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? तीस वर्षं मी तेच करत आलोय. मी आत गेलो आणि चेहऱ्यावर मोठेपणा आणून म्हणालो, "मामी, या वयात तुम्ही कशाला कचेरीचे खेटे घालता? मीच करतो अर्ज. नाव माझं, माश्या तुमच्या."

मामीने पोत्याची घडी घातली. "मी दोनच ओळी मागितल्या होत्या," ती म्हणाली.

बायको टीपॉयखाली हात घालून भोपळे गोळा करत राहिली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर असल्या गप्प बसण्याचा अर्थ मला कळतो, पण कळला असं दाखवायचं नसतं.

पहिला अडथळा गावच्या कचेरीत आला. अर्जदार स्वतः शेती करतो असा दाखला हवा होता. तिथला कारकून माझ्याच जातकुळीचा माणूस, म्हणजे टेबलामागे बसून समोरच्याला उभं ठेवणारा. त्याने आधी माझ्या बुटांकडे पाहिलं. मी सकाळीच पॉलिश केले होते.

"शेती तुम्ही स्वतः करता?"

"हो," मी म्हणालो, पण आवाज जरा बारीक निघाला.

"साक्षीदार?"

साक्षीला मामीच होती. ती पुढे आली. "करतात म्हणजे काय! रोज उजाडायच्या आत हजर असतात. खुरपतात काय, पाणी धरतात काय, विचारू नका. मी सांगते, जावईबापू, थोडं बसा, दमलात. पण ऐकतील तर शपथ."

कारकुनाने माझ्याकडे आदराने पाहिलं आणि शिक्का मारला. बाहेर आल्यावर मी तिचे आभार मानले.

"पहिल्यांदाच इतकं खोटं बोलले," मामी म्हणाली. "जीभ जड झाली हो."

दुसरा अडथळा प्रशिक्षणाचा. लाभार्थ्याने मधमाशीपालनाचं प्रशिक्षण घेणं सक्तीचं होतं, म्हणून मी रजा टाकली. कृषी कचेरीच्या वरच्या हॉलमध्ये गेलो तर वाटलं, चुकून एखाद्या लग्नाला आलो. पहिल्या रांगेत कापडवाले शेठ बसले होते, ज्यांच्या दुकानातून आम्ही पडद्यांचं कापड घेतलं होतं. त्यांच्या शेजारी डोळ्यांचे डॉक्टर, ज्यांनी माझ्या चष्म्याचा नंबर काढला होता. मागे आणखी बरीच बडी मंडळी. अत्तराचा वास येत होता. मातीचा नव्हता.

"तुम्हीही शेतकरी?" डॉक्टरांनी मला आश्चर्याने विचारलं.

"वडिलोपार्जित," मी म्हणालो. सासरोपार्जित असा शब्द नसल्याने मला दुसरं काही सुचलं नाही. "आणि आपण?"

"अहो, शहराबाहेर बंगल्याला जागा घेतली, ती कागदावर शेतजमीन निघाली. मग म्हटलं, असू दे. शेततळं मिळालं, ठिबक मिळालं, आता माश्या मिळतायत. न मागता येतं हो सगळं. माझ्या कंपाउंडरला सांगून ठेवलंय, योजना आली की अर्ज टाक."

शिकवायला एक उत्साही तरुण बाई होत्या. त्या जीव तोडून सांगत होत्या आणि समोरची रांग मोबाइलवर होती. मी मात्र सगळं वळणदार अक्षरात लिहून घेतलं. त्या एक गोष्ट सांगताना तर टेबलावर हात आपटत होत्या. "पेटी हलवायची असेल तर एक हातभर हलवा, नाहीतर पार लांब, दुसऱ्या गावापलीकडे न्या. मधलं अंतर चालत नाही! माशीला आपली जागा पाठ असते. पेटी जवळपास कुठे नेलीत तर माशी बाहेर पडते आणि सरळ जुन्या जागी परत जाते. रिकाम्या जागेवर जाऊन बसते, पण नव्या जागी येत नाही." मी ते लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या आणि विसरून गेलो.

पेट्या पुरवणारा माणूस तिथेच दाराशी उभा होता. सगळे त्याला पेटीवाला म्हणत. चेहऱ्यावर कायम हसू, जणू स्वतःच्याच लग्नाला आलाय. त्याने मला बाजूला घेतलं.

"साहेब, पेट्या घेणार की पाहणीपुरत्या हव्यात?"

"म्हणजे?"

"म्हणजे बाकीच्या मंडळींना पाहणीच्या दिवसापुरत्या लागतात. सरकारचा माणूस येतो, बघतो, जातो. पेट्या परत माझ्याकडे. अनुदान आलं की निम्मं निम्मं. कोणाला माशी चावत नाही, कोणाला त्रास नाही."

मी ताठ झालो. "मला खऱ्या पेट्या हव्यात. कायमच्या. माश्यांसकट."

पेटीवाल्याच्या चेहऱ्यावरचं हसू पहिल्यांदाच मावळलं. "माश्यांसकट?" त्याने पुन्हा विचारून खात्री करून घेतली. "तशी मागणी फारशी नसते हो. बघतो."

तरी पेट्या आल्या, हे मी त्याच्याबद्दल सांगितलंच पाहिजे. पाच पेट्या, निळ्या रंगाच्या, लोखंडी स्टँडवर. मामीच्या वेलांच्या कडेला ओळीने मांडल्या. पहिले दोन दिवस मामी लांबूनच बघत होती. तिसऱ्या दिवशी ती पेट्यांशेजारी बसून भाकरी खात होती आणि आठवड्याभरात माश्यांना शिव्या देऊ लागली, म्हणजे त्या घरच्या झाल्या. मी पुढच्या रविवारी गेलो तेव्हा तिने मला हाताला धरून वेलापाशी नेलं, पान उचललं आणि दाखवलं. मुठीएवढा हिरवागार भोपळा होता.

"धरला," ती म्हणाली. एवढंच. पण ज्या आवाजात म्हणाली त्याने मला उगाचच भरून आलं. आपण काहीतरी केलं, असं वाटलं. आता विचार करतो, मी काय केलं होतं? सही केली होती.

आणि मग पाहणीची तारीख आली. आदल्या संध्याकाळी पेटीवाला माझ्या घरी हजर.

"साहेब, जरा घोटाळा झालाय. माझ्याकडच्या पाहणीच्या पेट्यांतल्या माश्या उडून गेल्या. पाहणीचे साहेब उद्या तीनच जागा बघणार आहेत. आधी शेठ, मग डॉक्टर, शेवटी तुम्ही. तिन्ही जागा तशा एका हाकेच्या अंतरावर. तुमच्या पेट्या जरा फिरवू. उजाडायच्या आत उचलतो, शेठकडे दाखवतो, तिथून मागच्या रस्त्याने डॉक्टरांकडे आणि साहेब तुमच्याकडे पोचायच्या आत पेट्या परत तुमच्या जागेवर. शेजाऱ्याला आपण वाटीभर साखर नाही का देत?"

"अजिबात नाही," मी म्हणालो. "हा सरळ सरळ लबाडीचा प्रकार आहे."

तेवढ्यात मेहुणा बोलला. तो रविवार नसतानाही आला होता. "दाजी, देऊन टाका. शेठ आणि डॉक्टर म्हणजे वजनदार माणसं. त्यांचा अर्ज अडला तर तुमचा सुटेल का? आणि तुम्ही तरी कुठले शेतकरी?"

हे शेवटचं वाक्य मला फार लागलं. मी विचार केला, अनुदान अडलं तर पेट्या जाणार, पेट्या गेल्या तर भोपळे जाणार आणि मामी लेकीच्या घरी कोपऱ्यात. मी म्हणालो, "ठीक आहे. पण माझ्या पेट्या मी एकट्या सोडणार नाही. मी टेंपोत बसणार."

"खुशाल बसा!" पेटीवाला म्हणाला. तो इतका खूश का झाला, हे टेंपोत बसल्यावर कळलं. पेट्या धरायला माणूस हवाच होता.

पहाटे मामीला न सांगता आम्ही पेट्यांची तोंडं बंद केली आणि टेंपोत चढवल्या. मी मागे, पेट्यांच्या मधोमध. रस्त्यात खड्डा आला, एका पेटीचं झाकण जरासं उचललं गेलं, मी ते दाबायला गेलो आणि नाकावर पहिला प्रसाद मिळाला. दुसरा भुवईवर. तिसरा कुठे ते मी फक्त बायकोला सांगितलं आहे.

शेठच्या मळ्यात (मळा म्हणजे कापडाच्या गोदामामागचा गवताचा तुकडा) पेट्या मांडल्या आणि तोंडं उघडली. माश्या भसाभस बाहेर पडल्या, हवेत एक गोल गिरकी मारली आणि सगळ्या एकाच दिशेला निघून गेल्या. ती दिशा मामीच्या शेताची होती. त्या क्षणी मला टेबलावर आपटणारा तो हात आठवला आणि माझ्याच वळणदार अक्षरातल्या दोन रेघा डोळ्यांपुढे आल्या.

"अहो," मी पेटीवाल्याला म्हणालो, "या परत येणार नाहीत. यांना जागा पाठ असते."

"साहेबांची जीप आली!" असं म्हणत त्याने मला कापडाच्या गाठोड्यामागे ढकललं. एकच माणूस दोन ठिकाणी दिसायला नको, असं त्याचं म्हणणं. विमा कचेरीचा हेडक्लार्क, सुजलेल्या नाकाने, परकराच्या कापडाआड उकिडवा बसलेला. घरच्यांनी पाहिलं नाही हेच नशीब.

पाहणीचे साहेब जाडे, सज्जन आणि दमलेले होते. त्यांनी पेट्या मोजल्या, कागदावर खूण केली आणि म्हणाले, "माश्या फार दिसत नाहीत."

"कामावर गेल्यात साहेब," शेठ म्हणाले. धंदेवाईक माणूस तो, उत्तर तयार. "आमच्याकडे सगळे सकाळी सकाळी कामाला लागतात."

साहेबांना ते पटलं. पेट्या पुन्हा टेंपोत. डॉक्टरांच्या बंगल्यामागे आम्ही त्या मांडल्या तेव्हा आत राहिलेल्या उडत्या माश्यांनीही तीच गिरकी मारून तोच रस्ता धरला. पेट्यांमध्ये राणी आणि तिच्या दिमतीच्या कोवळ्या माश्या तेवढ्या उरल्या. बाहेरून बघणाऱ्याला एक माशी दिसेल तर शपथ.

मी हौदामागून ऐकत होतो. साहेब बराच वेळ पेटीत डोकावत होते. "डॉक्टर, इथे तर मला एकही माशी दिसत नाही."

"एकही नाही?" डॉक्टर काळजीने म्हणाले. "बारीक असतात त्या. पण अजिबातच दिसत नाहीत म्हणजे... चष्मा कधी तपासलात शेवटचा? या, आत या. तपासून टाकू. पैशाचं काही बोलू नका."

साहेब आत गेले. डॉक्टरांनी त्यांच्या डोळ्यांत थेंब टाकले आणि साहेब घटकाभराने काळा चष्मा लावून, पाहणीच्या कागदावर अंदाजाने खूण करून बाहेर आले. "नंबर बराच वाढलाय म्हणे," ते ड्रायव्हरला सांगत होते. "माश्या असणार. मला दिसत नाहीत म्हणून नाहीत कसं म्हणू?"

इथपर्यंत पेटीवाल्याचं गणित बरोबर होतं. पण तेवढ्यात टेंपोवाल्याच्या पापणीला माशी चावली. तो ओरडत डॉक्टरांकडे धावला आणि डॉक्टरांनी सवयीने त्याला आडवा करून दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधली. टेंपो आहे, पेट्या आहेत, चालवायला कोणी नाही. पेटीवाला म्हणाला, "मी दुसरा ड्रायव्हर बघतो," आणि तो जो गेला तो दुसऱ्या दिवशी दिसला.

मी एका दूधवाल्याच्या मोटारसायकलवर दोन कॅनच्या मधे बसून शेतावर पोचलो. जीप नुकतीच येऊन उभी होती. आणि वेलांच्या कडेला, रिकाम्या लोखंडी स्टँडवर, हवेत, बांधावर, मामीच्या पाण्याच्या पिंपावर, सगळीकडे माश्या. स्टँडवर तर त्यांचे झुपकेच्या झुपके लोंबत होते. घर गायब झालेलं पाहून सगळ्या तिथेच खोळंबल्या होत्या.

मामी कमरेवर हात ठेवून उभी. "पेट्या कुठायत जावईबापू?"

मी तिला खुणेने गप्प केलं. साहेब काळा चष्मा लावून, हात पुढे करून स्टँड चाचपायला निघाले होते. मामीने धावत जाऊन त्यांचं मनगट पकडलं. "अहो साहेब, तिथे हात नका घालू! जीव नकोसा झालाय का?"

"आवाज येतोय खरा," साहेब कान देऊन म्हणाले. "माश्या भरपूर दिसतायत. म्हणजे ऐकू येतायत. पण पेट्या?"

"पेट्या... कामावर गेल्यात," मी म्हणालो.

साहेबांनी सुस्कारा सोडला. "अहो, या कागदात पेट्यांना रकाना आहे. माश्यांना नाही. ज्यांच्याकडे पेट्या होत्या तिथे मी खूण केली. तुमच्याकडे नुसत्या माश्या आहेत, त्यांचं मी काय करू? बरं, अर्जदार कुठायत?"

"मीच."

त्यांनी ड्रायव्हरला बोलावून अर्जावरचा फोटो आणि माझं तोंड ताडून पाहायला सांगितलं. ड्रायव्हरने एकदा फोटो पाहिला, एकदा माझं नाक पाहिलं, मग बंद झालेला डोळा पाहिला. "नाही साहेब. फोटोतले गृहस्थ चांगले दिसतात."

"जावईच आहेत हो हे!" मामी म्हणाली. "सुजलेत फक्त."

"असं?" साहेब सज्जनच होते, त्यांनी मला एक संधी दिली. "मग शेतीबद्दल एकच विचारतो. आत्ता, भोपळा धरत असताना, पाणी कसं देता?"

आमच्या गॅलरीत एक कुंडी आहे, तिला मी पाणी घालतो. मी त्याच आत्मविश्वासाने म्हणालो, "रोज सकाळ-संध्याकाळ, भरपूर. वरून."

मामीच्या तोंडून किंकाळीसारखं काहीतरी निघालं. "वरून? सकाळ-संध्याकाळ? अहो, कुजून मरतील ना भोपळे! कोणी सांगितलं तुम्हाला? साहेब, लिहू नका ते. माझ्या वेलाला असं पाणी कोणी दिलं असतं तर मी त्याचे हात मोडले असते!"

"तुमच्या वेलाला?" साहेबांनी विचारलं. "मग शेती कोण करतं इथे?"

मामीने माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं कळत होतं. खरं बोललं की पेट्या जाणार. एक शब्द खोटं बोललं की काम होणार. गावच्या कचेरीत ती बोललीच होती की. पण तिथे भोपळे समोर नव्हते.

"मी करते," ती म्हणाली. "दुसरं कोण करणार?"

साहेबांनी कागदावर अंदाजाने काहीतरी लिहिलं.

दुसऱ्या ड्रायव्हरने पेट्या त्या संध्याकाळी परत आणल्या. स्टँडवर ठेवल्या आणि माश्या रांग लावून आत गेल्या, एकीनेही काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी पेटीवाला हसत आला. अनुदान होणार नाही असं दिसतंय, तेव्हा पेट्या घेऊन जातो, म्हणाला. मामी म्हणाली, "ने की. दिवसाउजेडी, सगळ्या जाग्या असताना, स्वतःच्या हाताने उचलून ने." तो शेताच्या कडेला बराच वेळ उभा राहिला आणि माझ्या कचेरीत आला. मी पूर्ण किंमत हप्त्याने द्यायचं कबूल केलं. बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बरं केलंत." लग्नात हे वाक्य मी फार वेळा ऐकलेलं नाही.

मग सरकारचं पत्र आलं. शेठ आणि डॉक्टर मंजूर झाले. डॉक्टरांना तर आदर्श मधपाळ म्हणून शाल मिळाली, वर्तमानपत्रात फोटोसकट बातमी आली आणि मेहुण्याने ती मला मोठ्याने वाचून दाखवली. माझ्या पत्रात लिहिलं होतं, "सहानुभूतीपूर्वक विचार केला, तथापि अर्जदार हे शेतकरी असल्याचे आढळून येत नाही." माझा मसुदा! माझ्यावरच! आणि "तथापि"नंतर स्वल्पविराम नव्हता. मी इतका संतापलो की त्याच रविवारी अपील लिहायला बसलो.

दार वाजलं. मामी होती, खांद्यावर पोतं. या वेळी तिने ते उपडं केलं नाही, दोन्ही हातांनी आतून एक भोपळा काढून टीपॉयवर ठेवला. मग दुसरा, त्याहून मोठा. टीपॉय कुरकुरला.

"तुमचा अर्धा वाटा," ती म्हणाली. "खाली रिक्षात अजून आहेत." मग माझ्यासमोरचा कागद बघून, "काय लिहिताय?"

"अपील. हे लोक मला शेतकरी मानत नाहीत!"

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "अपिलात काय लिहिणार?" तिने शांतपणे विचारलं. "तुमच्या सगळ्या फायलीत तेवढं एकच वाक्य खरं आहे."

मी लेखणी खाली ठेवली. समोर भोपळे होते. त्यांतल्या एकालाही मी पाणी दिलं नव्हतं, एका फुलाला हात लावला नव्हता. माश्यांना सुद्धा एवढं कळलं होतं. दोन परक्या ठिकाणी त्यांना नेऊन सोडलं, तरी परत कोणाकडे जायचं हे त्यांना विचारावं लागलं नाही. आणि मी, तीस वर्षं लोकांना नाही म्हणत आलेला माणूस, या बाईला दोन ओळी देताना घाबरलो होतो. मला माझीच लाज वाटली. मी अपील बाजूला सारलं, कोरा कागद घेतला आणि लिहिलं की ही जमीन या बाई कसतात, अमुक वर्षांपासून कसतात आणि पुढेही कसतील.

वर्तमानपत्र खाली आलं. "दाजी! अहो दाजी, काय करताय?"

"तू वर्तमानपत्र वाच," बायको म्हणाली.

मामीने कागद घेतला आणि खिडकीपाशी नेऊन वाचला. एकेका शब्दावर बोट ठेवून, अगदी सावकाश. वाचून झाल्यावर तिने पदराने डोळे पुसले. मला वाटलं, आता आभार मानणार. मी "अहो, त्यात काय" असं म्हणायची तयारी केली.

"यात अर्धा वाटा लिहिलाय," मामी म्हणाली.

"हो. नेहमीचाच."

"नेहमी कागद नव्हता. बोलाचाली होती, तेव्हा अर्धा ठीक होता. आता लेखी म्हणजे रीतसर झालं पाहिजे. माश्या सांभाळायच्या मी, पाणी मी, राखण मी. तुमचा तिसरा हिस्सा लिहा. आणि तो सुद्धा पोरीकडे बघून देते."

मी बायकोकडे पाहिलं. ती हसू दाबत होती. मी अर्धा खोडून तिसरा हिस्सा लिहिला आणि शेजारी छोटी सही केली, खाडाखोड असेल तिथे सही लागते. मामीने कागदाची बारीक घडी घालून कनवटीला लावली. मग टीपॉयवरच्या दोन भोपळ्यांकडे पाहिलं, मोठा होता तो उचलला आणि माझ्या हातात दिला.

"हा परत खाली रिक्षात घ्या," ती म्हणाली. "तुमचा हिस्सा लहानाएवढाच होतो आता."

भोपळा छातीशी धरून मी तिच्या मागे दोन जिने उतरलो. रिक्षात तो ठेवला तेव्हा ती आत बसली होती आणि कनवटीवर हात ठेवून होती.

"उद्या कृषी कचेरीत जाते," ती म्हणाली. "कागद आहे, पेट्या आहेत, माश्या आहेत. या वेळी बघते कोण नाही म्हणतं ते."

"मी येतो ना बरोबर," मी म्हणालो. "मला आता सगळं माहीत झालंय."

मामीने माझ्या नाकाकडे पाहिलं. सूज उतरली होती, पण पूर्ण नाही.

"नको हो जावईबापू," ती म्हणाली. "तुम्ही येऊ नका म्हणजे काम होईल."